बाम्सेचा रविवार

नॉर्वेत रविवारी दुकानं बंद असतात. मॉलमध्ये उगाच चक्कर मारून येणं वगैरे नाही. मग माणसं करतात काय? डोंगर चढतात. उन्हाळ्यात चढतात ते एक वेळ समजू शकतो. पण जानेवारीत उजाडतं साडेनऊला आणि चारला मावळतं, तर त्या मधल्या फटीतसुद्धा चढतात. सोमवारी ऑफिसात कॉफीच्या मशिनपाशी ‘काल कुठे गेला होतास?’ हा प्रश्न ठरलेला. ‘घरीच होतो, झोपलो होतो,’ असं सांगितलं की समोरचा काळजीने तब्येतीची चौकशी करतो.

त्यात आम्ही राहतो बर्गनला. सात डोंगरांच्या कुशीतलं गाव, आणि वर पाऊस. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस इथे पाऊस सुरू झाला तो सलग ८५ दिवस, २००७ चा जानेवारी सरत आला तरी रोज पडत होता. गावकरी हा आकडा अशा अभिमानाने सांगतात की जणू तो पाऊस त्यांनीच वर्गणी काढून पाडला.

खालच्या मजल्यावर एक आजी आणि त्यांचा कुत्रा बाम्से राहतात. आजी पंचाहत्तरीच्या असतील. डोंगरावर त्या कधी घसरल्या नाहीत, पण परवा कचरा टाकायला बाहेर पडल्या आणि दारातल्याच बर्फावर मनगट मोडून घेतलं. रविवारी सकाळी प्लास्टरमधला हात सावरत त्या आमच्या दारात उभ्या. एरवी जिन्यात आमचं बोलणं हवामानापलीकडे जात नाही.

‘बाम्सेला रविवारी उल्रिकेन लागतं,’ त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. नाही म्हणण्याइतकी माझी नॉर्वेजियन अजून तयार झालेली नाही.

‘जा ना,’ आतून बायको म्हणाली, ‘नाहीतरी लोळतच पडला होतास.’

‘मग तूही चल की.’

‘मी दशम्या करून देते.’

उल्रिकेन हा सातांतला सर्वांत उंच डोंगर. ६४३ मीटर. आकडा ऐकून मला हसूच आलं. पुण्यात असताना मी सिंहगडावर नेमाने जाणारा माणूस. नेमाने म्हणजे पिठलं-भाकरीसाठी, आणि बहुतेक वेळा गाडीने. पण गड तो गड.

आजींनी बाम्सेचं सामान काढलं. अंधारात चमकणारं जाकीट, सुक्या माशाचे तुकडे, पिशव्या, आणि पंजांना लावायचं मेण. कुत्र्याच्या बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात आणि मग त्याला चालवत नाही, म्हणून हे मेण. बाम्सेने जमिनीवर बसून एकेक पंजा स्वतःच पुढे केला. चौथा झाल्यावर पहिला पुन्हा पुढे केला, कारण तिथे एक बोट राहिलं होतं. इतका व्यवस्थितपणा माझ्या घराण्यात कोणात नाही. माझी तयारी मात्र वीस मिनिटं चालली. लोकरीचा बनियन, लोकरीची लांब चड्डी, त्यावर सगळं बाकीचं, आणि शेवटी ब्रोडर: बुटांवर ओढून चढवायचं रबर, ज्याच्या तळाला लोखंडी खिळे असतात. ते चढवता चढवता घाम फुटला. माझ्या मते व्यायाम तिथेच पुरा झाला होता.

आणि कमरपट्टा. पट्टा माझ्या कमरेला, पट्ट्याला लवचीक दोरी, दोरीच्या टोकाला कुत्रा. ‘हात मोकळे राहतात,’ आजी म्हणाल्या. हात मोकळे कशासाठी ठेवायचे ते पुढे कळलं.

मोंताना नावाच्या भागातून वर जायला १३३३ दगडी पायऱ्या आहेत. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या. नॉर्वेत अशा कितीतरी डोंगरवाटा त्यांनीच बांधल्यात. काम असं चोख की एक दगड हलत नाही. हिमालयातली माणसं इतक्या लांब येऊन पायऱ्या बांधून जातात, तर सह्याद्रीतल्या माणसाने त्या निदान चढून दाखवाव्यात, हा स्वाभिमान मला पहिल्या शंभर पायऱ्या पुरला. खाली पाऊस होता. जरा वर गेल्यावर पाऊस-बर्फाचा काला सुरू झाला. त्याच्याही वर पायऱ्यांवर बर्फाचा काचेसारखा पातळ थर होता, आणि खाली दगड स्वच्छ दिसत होता, पण पाय त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

बाम्से करड्या रंगाचा नॉर्वेजियन एल्गहुंड. एल्ग म्हणजे इथलं घोड्याहून उंच सांबर. या जातीचं पिढीजात काम असं, की एल्ग हुडकायचा आणि शिकारी येईपर्यंत भुंकून भुंकून त्याला जागेवर खिळवून ठेवायचा. उल्रिकेनच्या पायऱ्यांवर एल्ग कुठून येणार? मी होतो. मी दम खायला थांबलो की हा दोन पायऱ्या वर जाऊन माझ्याकडे तोंड करून उभा राहायचा आणि भुंकायला लागायचा. डोंगरभर आवाज. शिकारी कोणी आला नाही, पण काठ्या टेकत सत्तरीचे एक गृहस्थ आले. ‘काय, सगळं ठीक ना?’ त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं. बाम्सेला.

आणि हे दिवसभर चाललं. बर्गनच्या ट्राममध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी असते; लोक उभे राहतील पण अनोळखी माणसाला लागून बसणार नाहीत. डोंगरावर तीच माणसं थांबत होती, वाकत होती, गुडघ्यावर बसत होती. ‘अरे बाम्से!’ ‘आजी कुठे आहेत बाम्से?’ हाफ चड्डीवर धावत वर जाणाऱ्या मुलीने त्याच्या कानामागे खाजवलं. पाठीवर मूल बांधलेल्या बापाने मुलाला त्याच्याशी हात मिळवायला लावला. बाम्से सगळ्यांशी नगरसेवकासारखा वागत होता. माझी ओळख कोणी विचारली नाही. पट्ट्याचं दुसरं टोक, एवढीच माझी ओळख.

नॉर्वेत डोंगरात जाण्याचे नऊ नियम आहेत. क्विक लुन्श नावाच्या चॉकलेटच्या वेष्टनावरही ते छापत आलेत. त्यातला आठवा मला तोंडपाठ आहे: वेळीच मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. तो मी बाम्सेला मोठ्याने म्हणून दाखवला, आधी मराठीत, मग नॉर्वेजियनमध्ये. त्याने दोरी ताणली.

वर पोचलो तेव्हा टीव्हीचा उंच मनोरा अर्धाच दिसत होता, उरलेला ढगात. स्वच्छ दिवशी इथून बेटं आणि समुद्र दिसतो म्हणतात. मला माझे बूट दिसत होते. आडोशाला बसून दशम्या काढल्या. आजींनी ‘ताटातलं काही देऊ नकोस’ असं बजावलं होतं, पण ताट नव्हतंच. दोन दशम्या त्याने खाल्ल्या, एक मी. चॉकलेट कुत्र्यांना विषारी, त्यामुळे ते तेवढं मला एकट्याला मिळालं; पण समोर बसून तो ज्या नजरेने बघत होता त्यात ते गोड लागलं नाही.

उतरताना केबल कारने जायचं हा माझा पहिल्यापासूनचा बेत. तो मी बायकोलाही सांगितला नव्हता. पण वारा फार वाढला की केबल कार बंद ठेवतात. त्या दिवशी वारा फार वाढला होता.

म्हणजे पुन्हा त्याच पायऱ्या. चढताना कमरपट्टा वरदान होता, हे तेव्हा ध्यानात आलं. उतरताना अठ्ठावीस किलोचा उत्साह मला खाली ओढत होता आणि हात मोकळे होते ते कठड्याला, झुडपाला, एकदा एका अनोळखी बाईंच्या पाठपिशवीला धरण्यासाठी. शेवटी बसायला आणलेली फोमची चटई खाली घेतली आणि एकेक पायरी बसून उतरलो. बाम्सेला हा खेळ फार आवडला. दर पायरीला माझं तोंड चाटून तो पुढे. वर येणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती. हसलं कोणी नाही. इथे लोक फार सभ्य.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडलेला. दार उघडताच बाम्सेने आत झेप घेतली, एक चेंडू शोधून आणला आणि आजींच्या पायाशी टाकला. आजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग चौकटीला धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

‘अर्ध्यातूनच परतलात होय?’ त्या हळुवारपणे म्हणाल्या. ‘असू दे. मागे फिरण्यात लाज नाही. प्लास्टर अजून पाच आठवडे आहे.’