काविळीचा किडनीशी संबंध नाही म्हणे!

सिडको ते नाशिकरोड, कुठल्याही ग्रुपवर जा, हाच मेसेज. कावीळ लिव्हरची, किडनीचा संबंध नाही, किडनी बिघडते ती दारू पिणाऱ्यांची. लघवी पिवळी म्हणजे रोग बाहेर पडतोय. क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल तर निवांत रहा. आणि अंग दुखलं तर पेनकिलर घ्या, फक्त पॅरासिटामॉल नको, ती लिव्हर खाते.

दारूचं आधी. हिपॅटायटिस बी मध्ये, म्हणजे बी व्हायरसच्या काविळीत, व्हायरसचे तुकडे आणि त्यांच्यावरच्या अँटीबॉडी एकत्र चिकटून किडनीच्या गाळणीत अडकतात, मग प्रोटीन लघवीतून गळतं आणि चेहरा-पाय सुजतात, लहान मुलांमध्येसुद्धा. तैवानने १९८४ पासून बाळांना बी ची लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला हा आजार घटला, ती पोरं काय बारमध्ये बसायची? सी व्हायरसही गाळणी बिघडवतो, वेगळ्या वाटेने. पावसाळ्यात पाण्यातून येणारी ए आणि ई ची कावीळ मात्र बहुतेकांची आपोआप बरी होते, किडनीपर्यंत क्वचित जाते, एवढ्यापुरता मेसेज बरोबर.

पिवळी लघवी म्हणजे बिलिरुबिन, काविळीतलं पिवळं रंगद्रव्य, रक्तात साचून खाली उतरलंय, बस. बघायचाच तर न विरणारा फेस बघा, ती प्रोटीन गळत असल्याची खूण, आणि लघवीची साधी तपासणी करा.

क्रिएटिनिन बनतं स्नायूंतून. सिरोसिसच्या, म्हणजे लिव्हर खराब होत होत कडक झालेल्या पेशंटचे दंड-मांड्या वाळलेल्या, त्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. दोन दिवसांत तो ०.३ ने वाढला तरी डॉक्टर किडनीला इजा झाली असं धरतात, मग लॅबच्या कागदावर नॉर्मल का लिहिलेलं असेना.

आता पेनकिलर, ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. सिरोसिसमध्ये आतड्याकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडेच साचतं आणि किडनीकडच्या वाहिन्या आवळल्या जातात. त्या जेमतेम उघड्या राहतात प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या जिवावर, आणि डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन नेमकं तेच बंद करतात! पोटात पाणी झालेल्या माणसाला अशा गोळ्यांनी लघवी बंद होऊ शकते. उलट पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी ठरवलेल्या कमी डोसमध्ये, जास्त सुरक्षित. म्हणजे मेसेजने औषध बरोब्बर उलटं सांगितलंय. आणि सिरोसिस खूप वाढल्यावर काही न घेताही किडनी थांबते, खरं तर ती स्वतः धडधाकट असते, अशा पेशंटची किडनी दुसऱ्याला बसवल्यावर ती चालू लागते हे १९६९ सालीच दिसलंय. तरी म्हणे संबंध नाही!

सी बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात बी-सी ची तपासणी आणि औषधं फुकट आहेत, सिव्हिलला जाऊन विचारा. बी साठी टेनोफोविर चालू असेल तर क्रिएटिनिन आणि लघवी अधूनमधून तपासा, काहींच्या किडनीला ती गोळी त्रास देते, पण मनाने बंद करू नका, बी एकदम उसळतो, डॉक्टर गोळी बदलून देतात.