‘रिकाम्या खाटां’च्या फोटोबद्दल खुलासा

सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डाचा फोटो फिरतोय. गादीवर घडी घातलेली चादर, खाली ओळ: ‘माणसंच येत नाहीत, खाटा हव्यात कशाला?’

एका दुपारच्या फोटोवरून हे ठरत नाही. एक खाट एक दिवस म्हणजे एक खाटा-दिवस; ३० खाटांच्या रुग्णालयाचे वर्षाचे खाटा-दिवस होतात १०,९५०; त्यांतले किती वापरले, हा खरा हिशोब. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) ताप आला की खाटा भराभर भरतात. बाळंतिणीची रिकामी खाट तापाच्या पुरुषाला देत नाहीत, हेही आहेच. आणि सर्जन, भूलतज्ज्ञ नसेल तर १०८ रुग्णवाहिका पेशंटला घेऊन थेट ओरोसच्या, नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात जाते. मग इथली खाट रिकामी दिसणारच.