वॉशरच्या टाकीत साबण नको, नोझलमध्ये सुई नको

गाडीच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरबद्दलचा एक मेसेज सध्या फिरतो आहे. मलाच तो चार जणांनी पाठवला, "हे बरोबर आहे का?" असं विचारून. मजकूर थोडक्यात असा: वॉशरचं लिक्विड म्हणजे निव्वळ रंगीत पाणी, त्यावर पैसे घालवू नका. टाकीत नळाचं पाणी भरा आणि चमचाभर भांड्यांचा साबण टाका. काच तेलकट असेल तर थोडं रॉकेल घाला. फवारा बंद पडला तर नोझलमध्ये सुई घाला. तरी पाणी आलं नाही तर स्टीअरिंगजवळची वॉशरची दांडी ओढून धरा, पंपाच्या जोरानेच कचरा निघतो. आणि टाकी साफ करायची गरज नाही, आत पाणीच तर असतं.

नाही, बरोबर नाही. मी गाड्यांच्या वायरिंगची आणि अशाच बारीकसारीक दुरुस्तीची कामं करतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक सल्ल्याचा परिणाम मी पंप नाहीतर नोझल उघडून डोळ्यांनी पाहिलेला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी आत काय असतं ते बघू. बॉनेट उघडल्यावर ज्या झाकणावर काच आणि कारंज्याचं चित्र दिसतं, ती वॉशरची टाकी. वरून दिसतो तो फक्त तिचा गळा. टाकी बहुतेक गाड्यांत खाली, पुढच्या चाकाच्या कमानीमागे दडलेली असते. तिच्या तळाशी ग्रोमेटमध्ये, म्हणजे छिद्रात बसवलेल्या रबरी कड्यात, खोचलेला, मुठीत मावेल एवढा पंप असतो. त्यात छोटी मोटर आणि तिच्या दांड्यावर प्लास्टिकचं फिरकीसारखं इम्पेलर. पंपाच्या तोंडाशी जाळी. पुढे बारीक पाइप, वाटेत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे उतरू न देणारी झडप, आणि शेवटी नोझल. या नोझलचं छिद्र मिलिमीटरभर किंवा त्याहूनही बारीक. टाकीत जे ओतू ते त्या छिद्रातून निभावून गेलं पाहिजे, आणि काचेवर वाळल्यावर मागे काही उरता कामा नये. मेसेजमधला प्रत्येक उपाय मी याच दोन गोष्टींवर तपासतो.

"लिक्विड म्हणजे रंगीत पाणी." रंग फक्त ओळखण्यापुरता असतो, इतकं यात खरं आहे. पण चांगल्या स्क्रीनवॉशमध्ये, म्हणजे वॉशरच्या या लिक्विडमध्ये, क्षार काढलेलं पाणी असतं, कमी फेसाचं आणि अगदी थोडं स्वच्छक असतं, आणि बहुधा एखादं अल्कोहोल असतं. अल्कोहोल तेलकटपणा सोडवतं, पटकन उडून जातं आणि थंड हवेत पाणी गोठू देत नाही. काचेवर नुसती धूळ असते असं समजू नका. पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेला रस्त्यावरचा तेलकट चिखल, धुराची काजळी आणि चिरडलेले किडे यांचा थर असतो. साधं पाणी धूळ वाहून नेतं, हा थर नाही. आणि थंडीत गोठलेलं पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. पंपाचं प्लास्टिक तडकायला तेवढं पुरतं.

"नळाचं पाणी चालतं." अडीनडीला चालतं. लिक्विड संपलं आहे, काच चिखलाने माखली आहे, तर जे स्वच्छ पाणी मिळेल ते भरा आणि पुढे जा. कोरड्या काचेवर वायपर फिरवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं, कारण कोरडी वाळू आणि रबर मिळून काचेवर कायमचे चरे पाडतात. पण रोजची सवय म्हणून नको. समजा, पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत. तीन लिटरच्या टाकीत हे जवळजवळ ग्रॅमभर झालं. पाणी उडून जातं, क्षार जात नाहीत. नोझल तर तापलेल्या बॉनेटच्या अंगाशीच बसलेलं असतं. फवारा थांबला की त्याच्या तोंडाशी राहिलेला थेंब तिथेच सुकतो आणि पांढरी पापडी मागे ठेवतो. पुढच्या वेळी त्या पापडीवर दुसरी. काही महिन्यांनी नोझल भिंगाखाली धरलं तर छिद्राच्या कडेला किटलीच्या तळाशी बसते तशीच खर दिसते. डिस्टिल्ड किंवा क्षार काढलेलं पाणी हाच खरा उपाय. एसीतून ठिबकणारं पाणी काही जण वापरतात. त्यात क्षार कमी असतात हे खरं, पण ते ट्रेवरची धूळ आणि बुळबुळीत मळ सोबत आणतं. वापरायचंच असेल तर दाट कापडातून गाळून घ्या आणि साठवून ठेवू नका.

"चमचाभर भांड्यांचा साबण टाका." हा सल्ला सगळ्यात जास्त पटतो, आणि सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. साबण तेल काढतो यात शंका नाही. पण भांडं घासल्यावर आपण ते भरपूर पाण्याखाली धरतो. काचेवर तो नळ कुठे आहे? दोन सेकंदांचा फवारा, वायपरचे तीन फेरे, आणि उरलेला साबण तिथेच वाळतो. दिवसा काच स्वच्छ वाटते. रात्री समोरून दिवे आले की ती दुधाळ होते, आणि चालवणारा आणखी फवारा मारून त्यावर आणखी साबण पसरतो.

शंका असेल तर मी केलं ते करून बघा. काचेच्या पट्टीवर चार थेंब ओळीने ठेवले: नळाचं पाणी, साबण घातलेलं नळाचं पाणी, डिस्टिल्ड पाणी आणि प्रमाणात पातळ केलेलं स्क्रीनवॉश. ते वाळू दिले आणि पट्टी दिव्यासमोर तिरकी धरली. नळाच्या पाण्याने पांढरं कडं सोडलं होतं. साबणाच्या जागी चिकट ठिपका होता, बोट लावल्यावर बोटाचा ठसा उमटला. डिस्टिल्ड पाण्याची जागा शोधावी लागली. स्क्रीनवॉशचा अगदी पुसट डाग होता, तो कोरड्या कापडाच्या एका फटक्यात गेला. साबणाचा ठिपका कोरड्या कापडाने पसरला, निघाला नाही. वायपर काचभर हेच करत असतो.

दुसरं नुकसान आत होतं. वॉशरचा पंप पाणी ढकलण्यासाठी आहे, हवा ढकलण्यासाठी नाही. गाडीच्या हेलकाव्यांनी साबणाच्या पाण्याचा टाकीत फेस होतो. तो फेस इम्पेलरमध्ये शिरला की दाब पडतो आणि फवाऱ्याऐवजी नोझलमधून बुडबुडे येतात. शिवाय अनेक साबण दाट दिसावेत म्हणून त्यात मीठ घातलेलं असतं. तेही अखेर नोझलच्या तोंडाशी जाऊन सुकतं. हल्लीच्या गाड्यांत आरशामागे काचेला चिकटून पावसाचा सेन्सर आणि कॅमेरा असतो. सेन्सर काचेतून परत येणारा इन्फ्रारेड प्रकाश मोजतो. त्याच्यासमोर चिकट थर बसला की वायपर नको तेव्हा फिरतात आणि हवे तेव्हा फिरत नाहीत. शाम्पू आणि कपड्यांची पावडर यांनाही हेच सगळं लागू आहे, पावडरीला तर जास्तच.

रॉकेलबद्दल जास्त लिहीत नाही. ते पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, वायपरचं आणि ग्रोमेटचं रबर फुगवतं, काचेवर इंद्रधनुषी तवंग सोडतं आणि पेट घेतं. कधीही टाकू नका. इंजिनचं कूलंटही नको. ते विषारी आहे आणि काचेवर तुपकट थर धरतं. दोन्ही टाक्या एकमेकींजवळ असतात, म्हणून ओतण्याआधी झाकणावरचं चित्र बघा.

"नोझलमध्ये सुई घाला." इथे थोडं थांबायला हवं, कारण हा सल्ला देणारा अगदीच चुकीच्या जागी पोचलेला नाही. नोझल साधारण दोन प्रकारची असतात. एकात डोळ्याच्या बुबुळासारखी छोटी गोळी असते आणि तिला छिद्र असतं. त्या छिद्रात टाचणीचं टोक हलकेच टेकवून गोळी फिरवतात, फवाऱ्याची दिशा बदलण्यासाठी. लोकांनी मेकॅनिकला हे करताना पाहिलं आणि समजूत करून घेतली की सुई कचरा काढायला आहे. सुईने खर निघत नाही. ती आत ढकलली जाते आणि दोन फवाऱ्यांनंतर परत तोंडाशी येऊन बसते. छिद्राची कड मात्र खरवडली जाते, आणि मग धार एका बाजूला झुकते. कितीदा तरी सुईचं टोक आत मोडलेलं नोझल माझ्यापुढे आलं आहे. ते फेकावंच लागतं.

दुसरा प्रकार पंख्यासारखा रुंद फवारा मारतो. त्याच्या आत एक छोटीशी आकार दिलेली पोकळी असते. त्या पोकळीतून जाताना पाण्याची धार आपोआप डावी-उजवी झुलते, कुठलाही भाग न हलता. सगळी करामत त्या पोकळीच्या कडांची आहे. तिथे सुई घातली की फवारा गेला, धार राहिली.

बरोबर पद्धत सोपी आहे. बॉनेटखालून नोझलचा पाइप सोडवा. दांडी क्षणभर ओढा. सुट्या पाइपातून पाणी जोरात आलं तर पंप, जाळी, पाइप सगळं ठीक, दोष नोझलचा. नोझल काढून कोमट पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं घेऊन अर्धा तास बुडवून ठेवा. खर कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर बारीक बुडबुडे सुटताना दिसतील. मग धुवा आणि बाहेरच्या तोंडाकडून आतल्या बाजूला हवा मारा, म्हणजे कचरा आला त्या वाटेने परत जाईल. व्हिनेगर वाटीतच वापरा, टाकीत ओतू नका. बसवताना गाडी उभी असताना धार काचेच्या मध्यापेक्षा थोडी वर पडेल असं बघा. वेगात वारा ती खाली दाबतो.

"दांडी ओढून धरा, जोराने निघेल." पंपाला जे पाणी ढकलायचं आहे तेच पाणी त्याला थंड ठेवतं आणि त्याच्या सीलला ओलावा देतं. वाट तुंबलेली असताना किंवा टाकी रिकामी असताना दांडी धरून ठेवली की मोटर तापते, सील घासलं जातं आणि पाणी मोटरमध्ये शिरतं. असे पंप मी कापून पाहिले आहेत: आत तांबूस गंज आणि काळा पडलेला कम्युटेटर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारं तांब्याचं कडं. पाणी आलं नाही तर दोन-तीन सेकंदांत दांडी सोडा आणि ऐका. गुणगुण ऐकू येते पण पाणी नाही, तर टाकी रिकामी, पाइप निसटलेला, जाळी किंवा नोझल तुंबलेलं. आवाजच नाही, तर आधी फ्यूज, मग पंपाचा कनेक्टर, मग दांडीतला स्विच. कनेक्टर काढून त्यावर टेस्ट लॅम्प लावला आणि दांडी ओढल्यावर तो पेटला, तर वीज येते आहे, पंप बदला. पंप बदलणं म्हणजे ग्रोमेटमधून तो वर ओढून काढणं आणि नवा दाबून बसवणं. खरा वेळ चाकाच्या कमानीचं प्लास्टिक उघडण्यात जातो.

पाणी येतं पण सेकंद-दोन सेकंद उशिरा, असंही होतं. तेव्हा बहुतेक वेळा चेक व्हॉल्व्ह गळत असतो, पाइपातलं पाणी टाकीत परत उतरतं आणि दर वेळी पाइप नव्याने भरावा लागतो. हे चालवून घेऊ नका. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरच्या ट्रकने चिखल उडवला आणि फवारा दोन सेकंद उशिरा आला, तर ४४ मीटर आंधळेपणाने गेलात.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांपैकी एकाचा प्रश्न वेगळाच होता. पुढे पाणी येतं, मागच्या काचेवर येत नाही, म्हणजे "मागचा पंप" गेला, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या गाडीत मागे पंपच नाही. अनेक गाड्यांत एकच पंप दोन्हीकडे पाणी देतो. मोटर एका दिशेने फिरली की पुढे, वीज उलटी देऊन दुसऱ्या दिशेने फिरवली की मागे. त्याच्या गाडीत डिकीच्या बिजागरीजवळ, उघडझाप होऊन होऊन, रबरी नळीच्या आतला पाइप चिरला होता आणि सगळं पाणी छताच्या कापडात मुरत होतं. पाइपचा एक तुकडा बदलला, काम झालं.

"टाकी साफ करायची गरज नाही." आत पाणीच असतं, म्हणूनच गरज आहे. इंजिनच्या शेजारी कोमट, अंधारं, साचलेलं पाणी. पंप उपसल्यावर त्याच्या जाळीवर साबुदाण्याच्या खळीसारखा बुळबुळीत थर सापडतो. फवारा बारीक होत जाण्याचं ते एक अगदी नेहमीचं कारण आहे. पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. लिजिओनेला हा जीवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि बारीक तुषार श्वासातून आत गेले की गंभीर न्यूमोनिया करतो. २०१० साली इंग्लंड आणि वेल्समधल्या एका अभ्यासात आढळलं की वॉशरमध्ये स्क्रीनवॉश न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्या चालकांना हा धोका जास्त होता. तिथल्या समाजात सुट्या-सुट्या होणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांचं मूळ यात असू शकतं, असा अंदाज त्यांनी मांडला. दिवसभर गाडीत बसून पोट भरणाऱ्या माणसाने तरी हे मनावर घ्यावं.

वर्षातून एकदा टाकी रिकामी करा, पंप आणि जाळी काढून धुवा, कोमट पाणी दोन-तीनदा खळबळून ओता आणि मगच नवं लिक्विड भरा. टाकी उपसण्यासाठी पाइप तोंडाने ओढू नका. थंड प्रदेशांतल्या काही स्क्रीनवॉशमध्ये मिथेनॉल असतं, आणि त्याचे थोडे घोटही माणसाची दृष्टी घालवतात, जीवही घेतात. युरोपीय संघाने ०.६ टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉल असलेलं स्क्रीनवॉश सामान्य ग्राहकांना विकायला २०१९ पासून बंदी घातली ती यासाठीच. बाटलीवरची घटकांची यादी वाचा, मिथेनॉल नसलेलं घ्या, आणि उरलेलं लिक्विड पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. ते निळं-गुलाबी दिसतं, आणि घरात मुलं असतात.