मॅथ्यू लायनला फक्त थुंकण्यासाठी लक्षात ठेवू नका

अमेरिकेच्या सुरुवातीच्या काँग्रेसमधल्या मॅथ्यू लायनचं नाव निघालं की एकच किस्सा सांगितला जातो. जानेवारी १७९८ मध्ये तो भर सभागृहात विरोधी पक्षाचा सदस्य रॉजर ग्रिस्वोल्ड याच्या तोंडावर थुंकला. पंधरवड्याने ग्रिस्वोल्डने त्याला काठीने बडवलं, तेव्हा यानेही शेकोटीचा चिमटा उचलला. ग्रिस्वोल्डने त्याआधी 'लाकडी तलवार' म्हणत त्याच्यावर भ्याडपणाचा डाग लावला होता, ते मात्र गाळलं जातं. मला याचा मनापासून राग येतो.

हा आयर्लंडचा पोरगा १७६४ मध्ये कनेक्टिकटला आला. जहाजाचं भाडं द्यायला पैसे नव्हते, म्हणून मजुरीच्या कराराने बांधला गेला. तो करार पुढे बैलांच्या मोबदल्यात दुसऱ्या मालकाकडे गेला. तिथून उठून त्याने व्हर्मॉन्टमध्ये फेअर हेवन गाव वसवलं, लोखंडाचा कारखाना आणि कागदाची गिरणी काढली, आणि काँग्रेसवर निवडून आला.

आता खरी गोष्ट. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांना डामडौलाची आणि खुशामतीची हाव आहे, असं त्याने एका पत्रात लिहिलं. पत्र जूनमधलं, सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात टाकणारा राजद्रोहाचा कायदा १४ जुलैचा. पत्र छापून आलं कायद्यानंतर, आणि तेवढं पुरलं! ऑक्टोबरमध्ये चार महिने कैद आणि एक हजार डॉलर दंड.

व्हर्जेन्सच्या तुरुंगात सोळा बाय बारा फुटांची कोठडी, कोपऱ्यातच संडास. दुर्गंधी कशी, तर ऑगस्टमधल्या फिलाडेल्फियाच्या गोदीसारखी, असं त्यानेच लिहून ठेवलंय. त्या कोठडीत असतानाच व्हर्मॉन्टच्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं. मी या मतदारांचा विचार करतो तेव्हा ऊर भरून येतो. फेब्रुवारी १७९९ मध्ये सुटताच, पुन्हा अटक होऊ नये म्हणून, आपण काँग्रेसला निघालो आहोत असं त्याने जाहीर केलं; अधिवेशनाला निघालेल्या सदस्याला सहसा अटक करता येत नसे. तिथे त्याला हाकलण्याचा ठराव आला. बाजूने ४९, विरोधात ४५. दोन तृतीयांश मतं लागत होती, ती मिळाली नाहीत.

दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी थॉमस जेफरसन आणि ॲरन बर यांना समान मतं पडली, आणि निवड काँग्रेसच्या सभागृहाकडे आली. तिथे प्रत्येक राज्याला एकच मत होतं, आणि पेच मतदानाच्या छत्तिसाव्या फेरीत सुटला. व्हर्मॉन्टचा दुसरा सदस्य तटस्थ राहिला आणि राज्याचं मत लायनने एकट्याने जेफरसनच्या पारड्यात टाकलं. नंतर केंटकीतूनही तो काँग्रेसवर गेला. १८२२ मध्ये आर्कान्सात वारला.

१८४० मध्ये काँग्रेसने तो दंड व्याजासह परत केला. पैसे वारसांना मिळाले.