४६ डिग्रीत बर्फावरची मासेमारी

चूक माझीच आहे, ते आधीच सांगून टाकतो. भाच्याच्या लग्नात, रात्री दीड वाजता, सावजी रस्सा पोटात गेल्यावर मी चार पोट्ट्यांना सांगून बसलो की आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावात मी सात किलोचा कतला काढला होता, तोही नुसत्या कणकेच्या गोळीवर. आता लग्नघरात रात्री दीडला बोललेलं कोणी मनावर घेतं का? भाच्यानं घेतलं. तो कॅनडात विनिपेगला असतो. येत्या जानेवारीत आम्ही दोघं तिकडे जाणार हे ठरल्याबरोबर त्यानं मे महिन्यातच फोन केला, मामा, तुला क्लिअरवॉटर लेकवर नेतो, गाडीनं सहाशे किलोमीटरच्या वर आहे पण काही टेन्शन नाही, बर्फाला भोक पाडून लेक ट्राउट काढू, मोठा, फक्त तुझं सामान तूच सिलेक्ट कर, तुला तर कळतंच. आणि लिंक पाठवली.

लिंक उघडली तेव्हा दुपारचे अडीच, बाहेर ४६, कूलरच्या ताट्या कोरड्या ठणठणीत कारण लाइट गेलेली, आणि मी बनियनवर बसून वाचतोय की उणे तीसमध्ये रीलचं ग्रीस गोठू नये म्हणून काय करावं. आपली थंडी म्हणजे काय, २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ वर आला तर आम्ही महिनाभर दुसरा विषय बोललो नाही.

पहिला आयटम रॉड. माझ्या डोक्यात आपला दहा फुटी बांबू, आणि इथे सगळे तीन-साडेतीन फुटांचे. मला वाटलं लहान पोरांच्या खेळण्यांत शिरलो. मग उजेड पडला की भोकाच्या बाजूलाच बसायचं असतं, मासा थेट पायाखाली, फेकायचं आहे कुठं? त्यात परत लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी. तर्री पोह्यावाला विचारतो तसं, कमी का जास्त. मी हेवीवर बोट ठेवलं, कारण रेकॉर्ड वाचलं होतं. १९९५ साली कॅनडातल्या ग्रेट बेअर लेकमध्ये ७२ पौंडांचा लेक ट्राउट निघाला, म्हणजे साडेबत्तीस किलो, भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जड. सिलिंडर जिन्यावरून चढवताना काय होतं ते मला माहीत आहे, आणि सिलिंडर तर उलटं ओढतही नाही.

खरं डोकं दोऱ्यानं खाल्लं. साधा मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा, घेतला तर तो ताणतो, तीस मीटर खाली मासा लागला आणि वरून आपण झटका दिला तर त्याला फार तर गुदगुल्या होतील. ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणलेला दोरा (खायचा नाही), ताणत नाही, खालची बारीक हालचालही बोटाला कळते, पण तो पाणी धरतो आणि त्या थंडीत बर्फाची काडी होतो. तिसरा फ्लोरोकार्बन, पाण्यात जवळपास दिसतच नाही, आणि हा मासा राहतो काचेसारख्या स्वच्छ, थंड पाण्यात, म्हणून ब्रेडच्या टोकाला थोडा तो बांधायचा. हे समजायला मला तीन दिवस लागले आणि तरी विश्वास बसेना. भाच्याचा एक मित्र सुटीवर आला होता, त्याच्याकडून ब्रेडची एक छोटी गुंडी मागवली होती. ती घेऊन संध्याकाळी गच्चीवर गेलो, टोकाला खलबत्त्याचा बत्ता बांधला आणि दोरा कठड्यावरून खाली सोडून बघत होतो, तर बाजूच्या गच्चीवरून आवाज, "काहो भाऊ, नायलॉन मांजा आहे का?" नायलॉन मांजावर २०१७ पासून बंदी आहे आणि आमच्या गल्लीत त्यावरून संक्रांतीला भांडणं होतात. मी म्हटलं नाही हो, कॅनडातल्या माशासाठी आहे. ते "अच्छा" म्हणाले, पण खाली जाता जाता दोनदा वळून पाहिलं.

मग गोठतो किती हे बघायला तोच दोरा ओला करून बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी मावससासूबाई आल्या, बायकोनं पन्हं दिलं, बर्फ टाकून. एक घोट घेतल्यावर मावशींच्या तोंडातून दोरा यायला लागला. त्या ओढत गेल्या, ओढत गेल्या, चांगला सव्वा मीटर निघाला. घरात चिडीचूप. शेवटी त्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि म्हणाल्या, "मजबूत आहे बापा." मी ३० पौंड ताण सोसणारा ब्रेड लगेच कार्टमध्ये टाकला.

आमिष सोपं निघालं. पांढरा, रबरी, पोकळ ट्यूब जिग, चार-पाच इंची, बुडाला झालर. मजा वापरायची आहे, तळापर्यंत सोडायचा, उचलायचा, आणि मासा मागे लागला की थांबायचं नाही, भराभर वर ओढत पळायचं, थांबलो की त्याचा मूड गेला. आमच्या कतल्याच्या मागे पळावं लागतं, हा आपल्या मागे पळतो. मात्र मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, गळाला उलटा काटा चालत नाही, कायदाच आहे. मग मासा टिकतो कशावर? भाचा म्हणे, दोरा ताणलेला ठेवायचा, ढील द्यायची नाही. आयुष्यभर पतंगाला ढील दिलेल्या माणसाला हे सांगतो.

आणि एवढं सगळं झाल्यावर तो म्हणतो, मोठा निघाला तर सोडून द्यायचा हं मामा. सोडून? हा मासा फार हळू वाढतो, मोठा म्हणजे वीस-तीस वर्षांचाही असतो, म्हणून. खोलातून वर येताना पोटातली हवा ढेकर देऊन काढतो आणि सोडला की सुखरूप खाली जातो. म्हणजे रस्सा नाही, काही नाही, आणि ढेकर कोण देणार, तर मासा!

राहिलं भोक. ड्रिल आठ इंची का दहा इंची? हे नुसतं वाचून कळत नाही म्हणून स्वयंपाकघरातून पोळपाट आणलं, मोजलं, बरोबर दहा इंच. जमिनीवर ठेवून खडूनं गोल काढला आणि गुंडाळलेली सतरंजी त्यावर उभी धरून अंदाज घेत होतो. भाचा स्पीकरवर होता, विचारत होता, मामा, तुझ्या सात किलोवाल्याच्या हिशोबानं आठ पुरेल, पण मोठ्यासाठी दहा घेऊ ना?

बायको पिठाच्या हातानंच बाहेर आली. "काय करून राहिले हे? पोळपाट द्या इकडे, पोळ्या राहिल्या. आणि आठवालंच घ्या. तुमचा तो कतला तर बांगडीतून निघाला असता, मीच साफ केला होता."

पलीकडे दोन सेकंद शांतता. "मामी काय म्हणाली? किती किलो?"

मी म्हटलं हॅलो, हॅलो, आवाज तुटून राहिला रे, आणि फोन कापला. मग दहावालं ड्रिल कार्टमध्ये टाकलं.