टक्केटोणपे वेगळे, छळ वेगळा

एक मजकूर सध्या फोनवरून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या वेळीही शाळेत चिडवाचिडवी चालायची, टक्केटोणपे खाऊनच आम्ही घडलो, आताची मुलं नाजूक. मुलाला सांगा, उलट एक ठेवून दे. मोठ्यांनी मध्ये पडू नये.

मी माध्यमिकच्या वर्गांना शिकवते. मला तो तीन पालकांनी पाठवला, म्हणून हे उत्तर.

‘चिडवाचिडवी चालायचीच.’ चालू दे ना! दोघं एकमेकांना चिडवतात, दोघं हसतात, उद्या पारडं फिरतं. छळ म्हणजे हे नव्हे. यावर आयुष्यभर संशोधन केलेल्या डॅन ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेला त्रास, पुन्हापुन्हा होणारा, आणि ज्याला होतो त्याची बाजू लंगडी. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा असं दिसलं, तेव्हा १९८३ मध्ये तिथं देशभर मोहीम सुरू झाली. तेव्हा ‘आताची मुलं नाजूक’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ही मुलं चाळीस वर्षांपूर्वीची होती.

‘त्यातूनच घडतो.’ हे मला सर्वांत जास्त लागतं. ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला गेला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचे विकार इतरांपेक्षा जास्त आढळले. सुमारे चाळीस वर्षं उलटूनही! ‘आम्ही घडलो’ असं लिहितात ते तरून गेलेले. ज्यांनी शाळाच सोडली, जे आजही चारचौघांत तोंड उघडत नाहीत, ते असले मजकूर लिहीत नाहीत.

‘उलट एक ठेवून दे.’ बरोबरीच्यांत कदाचित चालेल. पण समोर चौघं असतील, किंवा छळ वर्गाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोचा असेल, तर हात कुणावर उगारायचा? शिवाय शिक्षकाची नजर बहुतेक वेळा दुसऱ्या फटक्याला वर जाते. म्हणजे महिनाभर सोसलेला मुलगाच ऑफिसबाहेर उभा. माझ्या हातूनही हे झालंय.

‘मोठ्यांनी मध्ये पडू नये.’ यातलं अर्धं मला मान्य आहे. किशोरवयात व्याख्यानं, शपथा, भिंतीवरचे फलक यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. आठवीपासून पुढे अशा कार्यक्रमांचा परिणाम सरासरीनं शून्यावर येतो, असं २०१५ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं. छळणाऱ्याला भर वर्गात अपमानित केलं तर तो जिन्यावर त्याचं उट्टं काढतो. आणि आपणच एखाद्याला ‘जाड्या’ म्हणून हाक मारली, तर वर्गाला परवानाच मिळाला.

पण यावरून हात बांधून बसावं असं मुळीच निघत नाही. छळ दोघांत होत नाही, तो बघ्यांसमोर होतो. कॅनडात शाळांच्या मैदानावर कॅमेऱ्यानं केलेल्या निरीक्षणात सोबती सुमारे १९ टक्के प्रसंगांतच मध्ये पडले. पण पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. फिनलंडचा ‘किवा’ हा कार्यक्रम याच बघ्यांवर काम करतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत ५६ शाळांमध्ये झालेल्या प्रयोगात काही शाळांत मुलांनाच पुढे केलं, आणि तिथं भांडणांच्या तक्रारी घटल्या. सर्वांत जास्त फरक कुठं पडला? ज्यांच्याकडे बाकीची मुलं बघतात, अशी मुलं जिथं जास्त सामील होती तिथं. ती हुशार मुलंच असतील असं नाही. कुणाकडे बघून वर्ग हसायचं की नाही ते ठरवतो, हे शिक्षकाला माहीत असायला हवं.

मजकुराच्या शेवटी ‘रडत येणाऱ्याला परत पाठवा’ असं लिहिलंय. कृपा करून पाठवू नका. मूल सांगायला येतं तेव्हा बरेच दिवस गेलेले असतात. ‘तू काय केलंस?’ याऐवजी विचारा: कुठं, केव्हा, आणि तिथं आणखी कोण उभं होतं? एका मुलीनं मला याची उत्तरं दिली, तेव्हापासून मधल्या सुट्टीत मी शिक्षक खोलीत बसत नाही. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याशी उभी असते.