तपकीर, चहा आणि निपाणीच्या काकांची प्रतिक्रिया

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मला पुन्हा चहा करून आणि पुन्हा डबी उघडून तपासायचा होता. दोन दिवस तेच केलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी कुठल्या चहाशी कुठली तपकीर जमते ते लिहिलं होतं, त्यावर काकांचं म्हणणं असं की ही वाइन-चीजवाल्यांची नक्कल आहे, तपकीर नाकात गेली की वास मेला आणि वास मेला की दार्जिलिंग काय अन् गरम पाणी काय, दार्जिलिंगवर मद्रासी तपकीर हे मी नुसतं लिहिलंय, करून बघितलेलं दिसत नाही, आणि एकूणात मी तंबाखूची जाहिरात करतोय. काकांचं लहानपण निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेलंय, म्हणजे उगाच नाक मुरडणाऱ्यातले ते नाहीत, त्यामुळे उत्तरही नीटच द्यायला हवं.

वास मरतो हा मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा असेल तर बाकी सगळं लिहिणंच फुकट. काका, एकदा नाक चिमटीत घट्ट धरून कोऱ्या चहाचा घोट घ्या. जिभेला कडवट लागेल, तुरट लागेल, साखर असली तर गोड, बस्स, तेवढंच. मग नाक सोडा, आणि एकदम चहा 'चहा' लागायला लागतो. म्हणजे आपण ज्याला चहाची चव म्हणतो ती बरीचशी घशाकडून मागच्या वाटेने नाकात चढलेली वाफ असते. आणि तपकीर? ती पुढच्या वाटेने येते. सूं करून जोरात ओढली तर वर जाते, डोळ्यांतून पाणी काढते, घशात कडू उतरते, पण अगदी छोटी चिमूट, फुलाचा वास घ्यावा इतक्या हलक्या हाताने घेतली तर ती नाकाच्या पुढच्या भागातच राहते. जो झणका बसतो तो तर मुळात वासच नाही, ती जळजळ आहे, मोहरी नाकात गेल्यावर जी नस चाळवते तीच इथे चाळवते. त्या झणक्यात चहा प्यायलात तर तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, गरम पाणीच. पण झणका काही मिनिटांत ओसरतो आणि मागे तंबाखूचा वास राहतो, सुक्या गवतासारखा, भाजल्यासारखा, कधी मनुकांसारखा, आणि तिथे चहाशी गाठ पडते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आणि तो मी मागच्या पोस्टमध्ये ठळकपणे लिहायला हवा होता, ती चूक माझी. आधी चहा, कप पाऊण संपेपर्यंत. मग चिमूट. मग थांबायचं, बोलायचं, खिडकीबाहेर बघायचं, आणि मग तळाचे दोन-तीन कोमट घोट. कोमटच, कारण गरम वाफेने नाक वाहायला लागतं आणि सगळं रुमालात जातं. आता गंमत बघा, तुम्हीच शेवटी रागाने लिहिलंय की "आमच्या थोरल्या वहिनी दुपारचा चहा झाला की कप बाजूला सारून डबी काढायच्या, मग उरलेला चहा प्यायच्या, त्यांना पेअरिंग कोणी शिकवलं होतं?" कोणीच नाही काका, आणि म्हणूनच त्यांचं बरोबर होतं! मला जे कळायला कित्येक दुपारी गेल्या ते त्यांना सवयीने ठाऊक होतं, मी फक्त ते शब्दांत मांडतोय.

आता दार्जिलिंग आणि मद्रासी. इथे मी चुकलो होतो, सरळ मान्य करतो. करून बघितलं होतं, पण एकदाच आणि तेही पंधरा मिनिटांच्या अंतराने, त्याला काही करून बघणं म्हणत नाहीत. परवा फर्स्ट फ्लश, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये खुडलेली पहिली पत्ती, उकळी मोडलेल्या पाण्यात तीन मिनिटं मुरवली आणि वर मद्रासी घेतली. चहा दिसेनासाच झाला. कारणही सोपं आहे, तिकडची पारंपरिक पट्टणम पोडी ही तंबाखू भाजून, त्यात तूप आणि चुना घालून करतात, पीठ अगदी बारीक, जोर प्रचंड, तिच्यापुढे ती नाजूक हिरवट फुलांसारखी पत्ती काय टिकणार. मग काल संध्याकाळी तीच तपकीर दुधाच्या चहावर घेऊन बघितली, आसाम सीटीसी म्हणजे दाणेदार पत्ती, आलं नाही, वेलची नाही, चांगला उकळलेला, अमृततुल्यात मिळतो तसा दाट. आणि जमलं हो! तपकिरीतलं तूप आणि चहातलं दूध एकमेकांना ओळखतात असं वाटलं, शेवटचा घोट खरपूस लागला, कढवलेल्या लोण्याच्या बेरीसारखा. मागच्या पोस्टमधली ती ओळ मी आज बदलली आहे आणि खाली तुमच्यामुळे बदलली असं लिहिलंय.

पण दार्जिलिंग बाद नाही. सेकंड फ्लश, मे-जूनचा, ज्यात ती पिकलेल्या द्राक्षासारखी झाक असते, तो साध्या, जाडसर, ओलसर तपकिरीबरोबर छान जातो. अशा जाड तपकिरीला युरोपात रापी म्हणतात, फ्रेंचमध्ये किसणे या क्रियापदावरून, कारण पूर्वी तंबाखूची वळलेली कांडी किसणीवर किसूनच घ्यायचे. इंग्लंडमधल्या शेफील्डची एसपी नावाची तपकिरीची जी जात आहे तिच्यात बर्गमॉटसारख्या लिंबूवर्गी तेलांचा वास असतो आणि अर्ल ग्रे चहामध्येही बर्गमॉटच, त्यामुळे ती जोडी सगळ्यांना पटकन पटते, मला मात्र ती जरा सोपी वाटते, एकच सूर दोनदा लावल्यासारखी. त्यापेक्षा एसपीवर निलगिरीचा साधा कोरा चहा घ्या, लिंबाची फोड पिळल्यासारखा लागतो, लिंबू न पिळता. चीनच्या वुई डोंगरातला लापसांग, पाइनच्या धुरावर वाळवलेला, त्याला सुकी भाजलेली टोस्ट तपकीर लागते, ओलसर घेतली तर दोन्ही चिखल होतात. आणि मेंथॉलवाली कुठल्याच चहाबरोबर नको, तो गारवा नाकात बसला की अर्धा तास उठत नाही, तिथे तुमचं 'गरम पाणी' लागू पडतं.

नक्कल म्हणालात, त्याचं मला खरं तर वाईट वाटलं. मंगोलियात पाहुणा घरात आला की यजमान आणि पाहुणा तपकिरीच्या कुप्या उजव्या हाताने एकमेकांना देतात, आणि मग समोर येतो तो दूध-मीठ घातलेला चहा, सूतेई चाय. तिथे हे पेअरिंग नाही, आदरातिथ्य आहे. लंडनमध्ये स्ट्रँडवर ट्वायनिंग्ज 1706 पासून आणि हेमार्केटमध्ये फ्रायबर्ग अँड ट्रेयर हे तपकिरीचं दुकान 1720 पासून 1981 पर्यंत, दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिथल्या दिवाणखान्यांत चहाचा कप आणि तपकिरीची डबी एकाच टेबलावर असायची. आणि आपल्याकडे? एका अख्ख्या रंगाला आपण तपकिरी म्हणतो! ज्या भाषेने या वस्तूवरून रंगाचं नाव घेतलं त्या भाषेत तिच्याबद्दल चार ओळी नीट लिहिल्या तर ती नक्कल कशी होईल?

जाहिरातीचा आरोप मात्र मी झटकून टाकत नाही. तपकीर तंबाखूच आहे, 2003 च्या आपल्या तंबाखू कायद्याच्या यादीत ती सिगारेट-बिडीच्या जोडीला आहे, धूर नसलेल्या तंबाखूने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पक्कं ठरवलंय, आणि नाकातून गेलेलं निकोटिनही सवय लावतंच. माझ्या आजोबांना लागली होती. सकाळी डबी सापडली नाही की त्यांचे हात कसे व्हायचे ते मी बघितलंय आणि ते विसरलेलो नाही. म्हणून पोस्टच्या अगदी वर, फोटोच्याही आधी, आता लिहिलंय की जे घेत नाहीत त्यांनी यासाठी सुरू करू नये, आणि मी स्वतः आठवड्याला दोन चिमटींच्या पुढे जात नाही. शिवाय मंगोलियातली एक पद्धत मला फार आवडते, ज्याला घ्यायची नाही तो कुपीचं झाकण किंचित उघडून नुसता वास घेतो आणि मान देऊन परत करतो, कोणी वाईट वाटून घेत नाही. चहाची जोडी जुळते की नाही हे कळायला तेवढंही बऱ्याचदा पुरतं, मी सेकंड फ्लशवर तसंच करून बघितलं आणि फारसा फरक पडला नाही.

तुम्ही लिहिलंय की वहिनींची पितळी डबी अजून तुमच्याकडे आहे, रिकामी, आणि उघडली की अजून वास येतो. तर काका, एका दुपारी त्या घ्यायच्या तसा चहा करा, पाऊण कप प्या, मग डबीचं झाकण नुसतं उघडून नाकाशी धरा आणि उरलेला चहा संपवा. काय लागलं ते मला इथे जरूर कळवा, मी वाट बघतोय. फक्त ती डबी चहा पावडरच्या डब्याशेजारी ठेवू नका, चहा आजूबाजूचा वास फार पटकन ओढून घेतो, माझा पाव किलो आसाम तसाच गेला, आणि डबीतला उरलेला वासही तुम्हाला जपायचा असेलच.